मीटर हातात घेऊन

इलेक्ट्रॉनिक्सचा छंद लावून घ्यायचा ठरवला की पहिला प्रश्न पडतो, घ्यायचं काय? बहुतेक जण एक तयार पेटी आणतात. त्यात मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे छोट्या संगणक-चिपचा, बोर्ड, रंगीत तारांचा जुडगा, ढीगभर सेन्सर, एखादी छोटी मोटर, एखादा डिस्प्ले. पहिल्या दिवशी बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, दुसऱ्या दिवशी खोलीचं तापमान स्क्रीनवर दिसतं, आठवडाभर मजेत जातो. मग कधीतरी ती पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि तिथेच राहते. असं झालेली बरीच माणसं माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्यात चिकाटी नव्हती असं मला मुळीच वाटत नाही. तारा दुसऱ्याच्या चित्रातून आल्या होत्या, कोड दुसऱ्याचा होता. चाललं तेव्हा का चाललं ते कळलं नाही, आणि अडलं तेव्हा कुठून हात घालायचा ते कळलं नाही.

म्हणून मला कुणी विचारलं तर मी सांगते, आधी मल्टिमीटर घ्या. साधा, डिजिटल, व्होल्ट आणि ओहम मोजणारा आणि तार जोडलेली असली की बीप करणारा. त्याच्यासोबत एक ब्रेडबोर्ड, म्हणजे भाग खोचून जोडायची भोकांची पाटी, प्रवाह अडवणारे मूठभर रेझिस्टर, चार-सहा एलईडी, म्हणजे चिमुकले दिवे, वीज साठवणारे दोन-तीन कपॅसिटर, चार सेलचा एक डबा आणि ५५५ नावाची एक आयसी, म्हणजे एका चिपमध्ये बसवलेली तयार जोडणी. मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड नंतर. वीज डोळ्यांना दिसत नाही, हीच या छंदातली मूळ अडचण आहे. सुतारकाम शिकणाऱ्याला लाकूड कुठे तासलं गेलं ते दिसतं, आपल्याला मीटर लावल्याशिवाय काही दिसत नाही.

सुरुवात अगदी साध्या जोडणीपासून करू. दीड व्होल्टचे चार सेल म्हणजे ६ व्होल्ट. त्याला ३३० ओहमचा रेझिस्टर आणि एक लाल एलईडी एकापुढे एक जोडायचे. एलईडीचा लांब पाय धनाकडे, म्हणजे सेलच्या अधिक टोकाकडे. दिवा लागतो, आणि बहुतेक जण इथूनच पुढच्या प्रयोगाकडे वळतात. जरा थांबा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि त्याची टोकं एलईडीच्या दोन पायांवर टेकवा. साधारण २ व्होल्ट दिसतील. मग रेझिस्टरच्या दोन टोकांवर टेकवा, तिथे साधारण ४. बेरीज सेलच्या डब्याइतकीच येते. आता जॉर्ज ओहमचा १८२७ सालचा नियम वापरायचा, प्रवाह म्हणजे व्होल्ट भागिले ओहम: ४ भागिले ३३०, म्हणजे जेमतेम १२ मिलिअँपिअर प्रवाह. तो प्रवाह आपण मोजलेला नाही, तरी आपल्याला तो ठाऊक आहे. रेझिस्टरवरचे व्होल्ट मोजून प्रवाह काढायची ही युक्ती पुढे जन्मभर उपयोगी पडते, कारण त्यासाठी जोडणी तोडावी लागत नाही.

आता ३३० काढून १ किलोओहम लावा. दिवा मंद होईल. प्रवाह तिपटीने घटला. पण एलईडीवर पुन्हा मीटर लावून पाहा. तिथला आकडा जवळजवळ तसाच आहे, एखाद-दुसऱ्या दशांशाचा फरक. १० किलोओहम लावला तरी फार हलत नाही. मला हा अनुभव फार मोलाचा वाटतो. रेझिस्टर नियमाने वागतो, व्होल्ट दुप्पट केले तर प्रवाह दुप्पट. एलईडी तसा वागत नाही. त्याला त्याच्या वाट्याचे दोनेक व्होल्ट मिळाले की तो प्रवाहाला अडवत नाही, म्हणून अडवायला रेझिस्टर लागतो. ‘एलईडीला रेझिस्टर लावावा’ हे वाक्य सगळीकडे छापलेलं असतं. ते का, हे या तीन मोजमापांत दिसतं.

लाल एलईडीच्या जागी निळा लावला तर आकडा ३ व्होल्टच्या आसपास जातो. निळ्या प्रकाशाच्या एकेका कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा जास्त ऊर्जा असते, ती देण्यासाठी जास्त व्होल्ट मागणारा पदार्थ लागतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ साली करून दाखवला. चांगला उजळ निळा यायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं, कारण तसा पदार्थ स्वच्छ स्फटिकरूपात बनवणंच महाकठीण होतं. आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या टेबलावर मीटरने दाखवलेल्या त्या एका जास्तीच्या व्होल्टसाठी जगाने तीस वर्षं खर्ची घातली, हे मनात आलं की निळा एलईडी हातात घेताना मला अजूनही आदर वाटतो.

ब्रेडबोर्डबद्दल थोडक्यात. मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच भोकांच्या ओळी असतात आणि प्रत्येक ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. दोन भोकांतलं अंतर २.५४ मिलिमीटर, आयसीच्या पायांतल्या अंतराइतकंच. म्हणून आयसी खाचेवर घोड्यावरच्या स्वारासारखी बसते आणि तिचा प्रत्येक पाय वेगळ्या ओळीत जातो. कडेच्या लांब पट्ट्या वीज पुरवायला. मोठ्या बोर्डांत या पट्ट्या कधीकधी मधोमध तुटलेल्या असतात, वरून मात्र तसं लक्षात येत नाही. मीटर बीपवर ठेवून, दोन भोकांत दोन तारा खोचून, एकदा स्वतः तपासून घ्या. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्या पाठ करण्यात मात्र जीव काढू नका. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, हे वापरता वापरता बसतं. तोवर मीटर आहेच. ३३० च्या रेझिस्टरला मीटर ३२६ दाखवत असेल तर त्यात बिघाड काही नाही. सोनेरी पट्टी म्हणजे पाच टक्के इकडेतिकडे चालेल अशी ती कबुलीच असते.

आता माझ्या आवडीच्या जागेवर येते. ५५५ टायमर. हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्स या कंपनीसाठी ही आयसी आखली, १९७२ ला ती बाजारात आली, आणि अजूनही बनते आहे. आठ पाय. हिने दिवा लुकलुकवणं हा नवशिक्यांचा ठरलेला प्रयोग, आणि तो सहसा सेकंदाला एक-दोन लुकलुकींवर उरकला जातो. माझं म्हणणं, तो मुद्दाम संथ करावा, इतका संथ की आत काय चाललंय ते मीटरवर वाचता यावं.

जोडणी अशी. पाय १ ऋणाला. पाय ८ आणि ४ धनाला. धनापासून पाय ७ पर्यंत १० किलोओहम, पाय ७ पासून पाय ६ पर्यंत १०० किलोओहम. पाय ६ आणि २ एकमेकांना जोडलेले, आणि तिथून ऋणाकडे १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, त्याच्या अंगावरची पट्टी ऋणाच्या बाजूला. पाय ३ वरून ४७० ओहम आणि एलईडी ऋणाकडे. वीज ६ व्होल्ट.

माझ्या भाचीला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी तिच्या हातात मीटर दिला आणि म्हटलं, काळं टोक ऋणाला धर, लाल टोक पाय ६ ला, आणि दिव्याकडे बघू नकोस, आकड्याकडे बघ. शून्यापासून आकडा चढायला लागला. आधी भरभर, मग जरा सावकाश. “मावशी, चारला पोचला आणि उलटा फिरला!” दिवा त्याच क्षणी विझला होता, ते तिच्या नंतर लक्षात आलं. आकडा उतरत उतरत दोनला आला, पुन्हा वळला, दिवा पुन्हा लागला. चार, दोन, चार, दोन. ती बराच वेळ नुसती बघत होती. मग म्हणाली, “पण याला कसं कळतं कुठे वळायचं ते?”

यातलं सगळं सार त्या प्रश्नात आहे. ५५५ च्या पोटात एकसारखे, साधारण ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर धनापासून ऋणापर्यंत एका ओळीत बसवलेले असतात. ते पुरवठ्याचे तीन सारखे भाग करतात. ६ व्होल्टचे भाग पडतात २ आणि ४ वर. कपॅसिटर दोन-तृतीयांशाला पोचला की आत एक तुलना होते, आयसी पाय ७ ऋणाला जोडते आणि कपॅसिटर रिकामा व्हायला लागतो. एक-तृतीयांशाला आला की ती वाट बंद होते आणि तो पुन्हा भरायला लागतो.

मग तिला विचारलं, सेलचा डबा काढून ९ व्होल्टची बॅटरी लावली तर दिवा भरभर लुकलुकेल की सावकाश? तिने छातीठोकपणे सांगितलं, भरभर, जोर जास्त ना. लावली. आकडे आता तीन आणि सहाच्या मध्ये फिरत होते, पण वेळ तेवढाच. घड्याळ लावून पाहिलं तरी तेवढाच. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यासाठीच मी हा प्रयोग दाखवते.

कारण वहीत मांडून पाहण्याजोगं आहे. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरतो तेव्हा त्याचा वेग त्याला अजून किती अंतर गाठायचंय त्यावर ठरतो. ६ व्होल्टवर चालू असताना तो दोनवर असतो तेव्हा चार व्होल्ट बाकी असतात, चारवर पोचतो तेव्हा दोन. बाकी अर्धी झाली. ९ व्होल्टवर तीनला असताना सहा बाकी, सहाला पोचल्यावर तीन बाकी. पुन्हा अर्धी. बाकी अर्धी व्हायला लागणारा वेळ फक्त रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, तो गुणाकार गुणिले ०.६९३. पुस्तकातल्या सूत्रात हा ०.६९३ कुठून टपकला हे मला कुणी सुरुवातीलाच असं दाखवायला हवं होतं. भरताना प्रवाह दोन्ही रेझिस्टरमधून जातो, म्हणून ११० किलोओहम गुणिले १०० मायक्रोफॅरड म्हणजे ११ सेकंद, गुणिले ०.६९३, म्हणजे सुमारे ७.६ सेकंद. रिकामा होताना फक्त १०० किलोओहममधून, म्हणून सुमारे ६.९. आणि अगदी पहिली खेप लांबते, कारण ती शून्यापासून सुरू होते: सुमारे १२ सेकंद. तुमच्या टेबलावर हे आकडे हुबेहूब येणार नाहीत. अशा कपॅसिटरवर लिहिलेला आकडा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो. पण पहिली खेप लांब आणि भरण्याचा वेळ उतरण्यापेक्षा जरासा जास्त, हे तुम्हाला नक्की दिसेल.

बॅटरी उतरत गेली तरी वेळ बिघडत नाही, हे शहाणपण तीन साध्या रेझिस्टरांच्या मांडणीत आहे. दोन्ही खुणा पुरवठ्याच्या प्रमाणात ठेवल्या की पुरवठा हिशेबातून निघूनच जातो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही कल्पना पुन्हा पुन्हा भेटते. पहिल्याच महिन्यात ती डोळ्यांनी पाहायला मिळाली तर पुढे ओळखीची वाटते.

जोडणी चालत नाही तेव्हा काय करायचं, हे नवशिक्याला कुणी नीट सांगत नाही. ‘तारा पुन्हा तपास’ एवढंच सांगतात. तारांकडे बघत बसून काही दिसत नाही. काळं टोक ऋणाला पक्कं अडकवा, त्यासाठी चिमट्याची तार मिळते, आणि लाल टोक घेऊन फिरायला लागा. पहिली जागा आयसीचा स्वतःचा वीज घेणारा पाय. कडेची पट्टी नव्हे, सेलचा डबा नव्हे, खुद्द तो धातूचा पाय. तिथे ६ व्होल्ट नसतील तर पुढचं काही बघायची गरज नाही, तुटलेली जागा मागे आहे. दुसरी जागा आयसीचा ऋणाचा पाय, तिथे शून्य हवं. थोडेसे व्होल्ट दिसले तर ऋणाची तार नीट बसलेली नाही. मग एकेका पायावर जायचं, पण टोक टेकवण्याआधी स्वतःला विचारायचं, इथे किती असायला हवं? आकडा मनात धरून मग टेकवायचं. मनातला आणि मीटरवरचा आकडा जुळला की पुढे, नाही जुळला की तिथेच थांबायचं. माझ्या अनुभवात या एका सवयीने माणूस नवशिका राहत नाही.

एका गोष्टीची खबरदारी. मीटरचं लाल टोक प्रवाह मोजायच्या भोकात असताना ते कधीही सेलच्या दोन टोकांवर टेकवू नका. त्या भोकातून मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार असते. नशीब बरं असेल तर आतला फ्यूज जातो.

बोर्डाची पाळी यानंतर. आर्डुइनो हा असाच एक मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी जन्माला आला, म्हणजे इंजिनिअर नसलेल्यांसाठीच, आणि त्याने हा छंद लाखो घरांत पोचवला. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. फक्त त्याच्याकडे जाताना मीटर सोबत असावा. बोर्डाच्या एका पिनपासून ऋणापर्यंत बटण जोडलं आणि त्या पिनला दुसरं काहीच जोडलं नाही, तर बटण न दाबताही पिन मनाला येईल ते वाचते. नुसता हात जवळ नेला तरी आकडे बदलतात. कोडमध्ये दोष शोधत लोक रात्र काढतात. ती पिन हवेत लोंबकळते आहे, तिला कुणीच सांगितलेलं नाही की ती ५ व्होल्टवर आहे की शून्यावर. धनाकडे १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, किंवा कोडमधून आतला रेझिस्टर चालू केला, की ती शांत होते. आणि बटण एकदा दाबलं तरी आतली धातूची पट्टी काही मिलिसेकंद थरथरते, तेवढ्यात बोर्डाला ते अनेकदा दाबल्यासारखं दिसतं. तिथे कोडमध्ये थोडं थांबावं लागतं.

आर्डुइनो उनो आर३ च्या एका पिनमधून २० मिलिअँपिअर काढावेत, ४० ही शेवटची मर्यादा. एलईडीचा हिशेब जमला असेल तर हे वाचताच कळतं की मोटर पिनला थेट लावता येणार नाही. मध्ये ट्रान्झिस्टर लागतो. १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅबमध्ये जन्मलेली ती वस्तू इथे तुमची होते: थोड्या प्रवाहाने मोठ्या प्रवाहाची चावी फिरवायची. बीसी५४७ नावाचा ट्रान्झिस्टर छोट्या कामांना पुरतो, त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. मोटर सुरू होताना त्याहून बरंच जास्त ओढू शकते, तिथे दांडगा ट्रान्झिस्टर हवा. आणि मोटरला उलट दिशेने एक डायोड, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावाच. मोटर बंद होताना तिच्या वेटोळ्यांतून उलटा झटका येतो, डायोड नसेल तर तो ट्रान्झिस्टरवर जातो.

सोल्डरिंगची, म्हणजे वितळलेल्या धातूने भाग जोडण्याची, घाई नको, पण भीतीही नको. कथील ६३ आणि शिसं ३७ टक्के असलेलं सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि नवशिक्याला सोपं जातं. सोल्डरिंग आयर्नचं टोक आधी पायाला आणि तांब्याच्या ठिपक्याला एकदम टेकवायचं, एक-दोन सेकंद तापू द्यायचं, मग सोल्डर त्या तापलेल्या जागेला लावायचं, टोकाला नाही. जागा तापली असेल तर सोल्डर आपण होऊन पसरतं आणि पायाभोवती चकचकीत उतार धरतं. गोळा होऊन बसलं तर खालचं तांबं थंड राहिलं आहे. वर येतो तो धूर फ्लक्सचा, म्हणजे सोल्डरमधल्या धातू साफ करणाऱ्या द्रव्याचा, तो नाकात जाऊ देऊ नये. शिशासाठी काम संपल्यावर हात साबणाने धुवायचे, टेबलावर खाणंपिणं नको.

एका बाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. भिंतीतल्या विजेवर शिकायचं नाही. सेलवर किंवा चांगल्या बंद अडॅप्टरच्या ५, ९, १२ व्होल्टवर सगळं शिकता येतं. जुना मायक्रोवेव्ह, कॅमेऱ्याचा फ्लॅश, काचेच्या नळीचा टीव्ही उघडायचा नाही, प्लग काढलेला असला तरी. त्यांतले कपॅसिटर बराच काळ विद्युतभार धरून ठेवतात आणि तो जीव घेऊ शकतो. सुटे लिथियम सेल शॉर्ट झाले तर पेटतात, त्यांना सुरुवातीच्या सामानात जागा नाही. बटणाएवढे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, गिळले गेले तर आतून भाजतात.

पुढचा प्रयोग म्हणून मी बहुतेकांना तीच ५५५ ची जोडणी मोडू नका असं सांगते. १०० मायक्रोफॅरडच्या जागी ०.१ मायक्रोफॅरड लावा, १०० किलोओहमच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडात रोध कमी होणारा रेझिस्टर, आणि एलईडी व त्याचा रेझिस्टर काढून तिथे पिझो बझर, म्हणजे विजेने वाजणारी छोटी चकती, लावा, नुसती वीज दिल्यावर आपणहून वाजत नाही असा. आता वारंवारता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, अशी काढायची: पहिला रेझिस्टर आणि दुसऱ्याची दुप्पट यांची बेरीज, तिला कपॅसिटरने गुणायचं, आणि १.४४ ला त्या गुणाकाराने भागायचं. आधी एलडीआर एकटा मीटरवर मोजा, दिव्याखाली किती, तळहाताच्या सावलीत किती. समजा उजेडात १० किलोओहम भरला आणि सावलीत १००. मग सूर ४८० हर्ट्झवरून ७० च्या जवळ उतरायला हवा. तुमच्या एलडीआरचे आकडे वेगळे असतील, ते घालून उत्तर वहीत लिहून ठेवा आणि मगच वीज द्या. फोनवर वारंवारता दाखवणारं ॲप असतं, ते शेजारी लावून ठेवा आणि हात एलडीआरवर धरून पाहा.